हौसेचं मोल: अमेरिकन ‘मसल कार’च्या किमतींची साठ वर्षं



आपल्याकडे म्हणतात, हौसेला मोल नसतं. लग्नकार्यात खर्चाचा आकडा फुगला की घरातलं कुणीतरी वडीलधारं हे वाक्य टाकतं आणि हिशेबाची वही मिटते. आज मला या म्हणीची जरा उलटतपासणी करायची आहे. हौसेला मोल असतं का? असलं, तर ते कोण ठरवतं? आणि साक्षीला मी बोलावल्या आहेत अमेरिकेतल्या जुन्या मोटारी. इतिहासाच्या व्याख्यानात मोटारी कशाला, असं काहींच्या मनात आलं असेल. पण बखरी आणि कागदपत्रं वाचून जसा काळ कळतो, तसा जुने बाजारभाव वाचूनही कळतो. किंबहुना बाजारभाव कुणाची भीड ठेवत नाही, म्हणून जास्त स्पष्ट कळतो.

एका गाडीपासून सुरुवात करू. १९६८ साली ‘बुलिट’ नावाचा चित्रपट आला. स्टीव्ह मॅक्वीन हा त्याचा नायक, आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउतारांवरून उड्या मारत धावणारी हिरवी फोर्ड मस्टँग ही त्याची खरी नायिका. ही गाडी पुढे हातोहात फिरली आणि १९७४ मध्ये न्यू जर्सीतल्या एका गृहस्थांनी जाहिरात वाचून विकत घेतली. किंमत, सुमारे ६,००० डॉलर. त्यांच्या पत्नी शिक्षिका होत्या. त्या हीच गाडी घेऊन शाळेत जायच्या. १९७७ मध्ये खुद्द मॅक्वीननं पत्र लिहून गाडी मागितली, ती त्यालाही मिळाली नाही. पुढे १९८० च्या सुमारास क्लच गेला आणि गाडी उभी राहिली ती राहिलीच. १० जानेवारी २०२० रोजी फ्लोरिडातल्या किसिमी गावी तिचा लिलाव झाला. खरचटलेला रंग, जुन्या सीटा, सगळं होतं तसंच. लिलावाचं कमिशन धरून ती गेली ३७ लाख ४० हजार डॉलरला.

तुम्ही म्हणाल, यात सिनेमाची पुण्याई आहे. आहेच. पण सिनेमा १९७४ सालीही होताच की! गाडी तीच, सिनेमा तोच, नट तर तेव्हा हयात होता. मग १९७४ ते २०२० या काळात बदललं काय? बदलली ती गाडीच्या भोवतालची अर्थव्यवस्था. तीच गोष्ट मला आज सांगायची आहे.

आधी मसल कार म्हणजे काय, हे पाहू. साधी कृती आहे: मध्यम आकाराची, स्वस्तातली, दोन दारांची गाडी घ्यायची आणि तिच्यात मोठ्या गाडीचं दांडगं व्ही-एट इंजिन बसवायचं. या प्रकाराची सुरुवात बहुतेक जण १९६४ च्या पॉन्टिॲक जीटीओपासून धरतात. गंमत अशी की ही गाडी नियमाला बगल देऊन जन्माला आली. जनरल मोटर्सचा आतला नियम होता की मध्यम गाडीत ३३० घनइंचांपेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही. पॉन्टिॲकचे मुख्य अभियंता जॉन डिलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पळवाट काढली. जीटीओ ही वेगळी गाडी म्हणून न आणता त्यांनी ‘टेम्पेस्ट ल मान्स’ या गाडीवरचा ऐच्छिक जोड म्हणून आणली, ३८९ घनइंचांच्या इंजिनासकट. जोडाची किंमत ३०० डॉलरच्या आत. पाच हजार गाड्या खपल्या तरी पुष्कळ, असा अंदाज होता. पहिल्याच वर्षी ३२,००० च्या वर खपल्या.

का खपल्या? इथून आपला खरा विषय सुरू होतो. दुसरं महायुद्ध संपल्यावर, १९४६ पासून, अमेरिकेत मुलांच्या जन्माची लाट आली. त्या लाटेतली पहिली मुलं १९६४ साली अठरा वर्षांची झाली. म्हणजे गाडी चालवायला मोकळी, आणि खिशात पैसे. पेट्रोल गॅलनला ३० सेंटच्या आसपास. नोकऱ्या भरपूर. १९६८ ची प्लिमथ रोडरनर ही तर खास तरुणांसाठी काढलेली गाडी होती. आत चैनीचं काही नाही, फक्त इंजिन. किंमत २,८९६ डॉलर. त्या वर्षी अमेरिकेत किमान वेतन होतं तासाला १ डॉलर ६० सेंट. आठवड्याचे चाळीस तास धरले तर ६४ डॉलर. म्हणजे पेट्रोल पंपावर काम करणाऱ्या पोराची पंचेचाळीस आठवड्यांची मजुरी म्हणजे एक रोडरनर. आणि पंपावर न राहता तो कारखान्यात लागला, तर? १९७० मध्ये जनरल मोटर्सच्या कामगाराची सरासरी मजुरी तासाला चार डॉलरच्या जवळपास होती. त्याला अशी गाडी पडायची चार-साडेचार महिन्यांच्या कमाईला. हा आकडा जरा लक्षात ठेवा. शेवटी मी त्याच्याकडे परत येणार आहे.

आता बघा, ही मौज किती टिकली? जेमतेम सात-आठ वर्षं. आणि ती संपवली कुणी? ‘अरबांनी तेल बंद केलं आणि मसल कार मेली,’ असं सर्रास सांगितलं जातं. तारखा तपासल्या तर ते खरं ठरत नाही. तेलाची नाकेबंदी आली ऑक्टोबर १९७३ मध्ये. तोवर रोगी खाटेवर पडलाच होता. पहिला घाव घातला विमा कंपन्यांनी. पंचवीस वर्षांखालचा मुलगा आणि चारशे अश्वशक्तीची गाडी, हे समीकरण त्यांना अपघातांच्या आकड्यांत दिसायला लागलं होतं. १९७० च्या आसपास अशा गाड्यांचे विम्याचे हप्ते इतके चढले, की काही पोरांना गाडीच्या कर्जाच्या हप्त्यापेक्षा विमा जड झाला. दुसरा घाव कायद्याचा. ३१ डिसेंबर १९७० रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी स्वच्छ हवेच्या कायद्यावर सही केली. १९७१ च्या गाड्यांमध्ये जनरल मोटर्सनं इंजिनातला दाब कमी केला आणि ताकद घटायला लागली. आणि तिसरा घाव मग तेलाचा. काही महिन्यांत कच्च्या तेलाचा भाव पिंपाला सुमारे ३ डॉलरवरून १२ डॉलरच्या घरात गेला. पंपांवर रांगा लागल्या, देशभर ताशी ५५ मैलांची वेगमर्यादा आली. १९७४ ची जीटीओ ही शेवटची. ती वर्षभरात सात हजारांच्या आसपास बनली.

मग या गाड्यांचं झालं काय? मंडळी, त्या झाल्या जुन्या, तेलपिऊ, विमा न परवडणाऱ्या सेकंडहँड गाड्या. पांढरा हत्ती! दारात बांधायला कुणी तयार नाही. त्या किती स्वस्त झाल्या होत्या याचा मला माहीत असलेला सर्वांत बोलका पुरावा टीव्हीवरचा आहे. ‘द ड्यूक्स ऑफ हॅझर्ड’ ही मालिका १९७९ ते १९८५ चालली. तिच्यात नारिंगी रंगाची डॉज चार्जर प्रत्येक भागात ओढ्यानाल्यांवरून उडी मारायची. उडी मारून खाली आपटलेली गाडी पुन्हा उडी मारत नाही. म्हणून चित्रीकरणासाठी तीनशेच्या आसपास चार्जर गाड्या लागल्या, आणि त्यांतल्या बहुतेकींचं भंगार झालं. म्हणजे त्या काळात तीनशे चार्जर फोडणं निर्मात्याला परवडत होतं! शेवटी शेवटी गाड्या मिळेनाशा झाल्या, तेव्हा छोटी मॉडेलं उडवून वेळ निभावली. आता पुढचं ऐका. त्यातली उड्या मारायची पहिली गाडी भंगारखान्यात सापडली, दुरुस्त झाली आणि २०१२ साली लिलावात १ लाख १० हजार डॉलरला गेली.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. आज दुर्मीळ असलेल्या गाड्या दुर्मीळ का आहेत? काही गाड्या मुळातच कमी बनल्या, आणि कमी बनल्या कारण तेव्हा त्या कुणाला परवडल्या नाहीत किंवा आवडल्या नाहीत. १९७० ची प्लिमथ सुपरबर्ड घ्या. शर्यतीच्या नियमांसाठी बनवलेली, समोर लांब नाक, मागे उंच पंख. अशा जेमतेम १,९०० च्या आसपास गाड्या बनल्या, आणि त्याही दुकानदारांच्या आवारात पडून राहिल्या. काहींनी कंटाळून नाक आणि पंख काढले आणि साधी रोडरनर म्हणून विकल्या. त्याच सुपरबर्डचा हेमी इंजिनाचा नमुना २०२२ मध्ये दहा लाख डॉलरच्या पुढे गेला. दुसरं उदाहरण १९७१ च्या प्लिमथ कुडाचं. ४२६ घनइंचांचं हेमी इंजिन आणि उघडझाप होणारं छत, अशी जोडी फक्त ११ गाड्यांत आली. अकराच का? कारण १९७१ मध्ये ते इंजिन महाग होतं आणि त्याचा विमा त्याहून डोईजड. म्हणजे मंदीनं, विम्यानं आणि कायद्यानं जिला तेव्हा मारलं, तीच आज सर्वांत मौल्यवान. तेव्हाची नावड हेच आजच्या किमतीचं भांडवल.

तर असा पुरवठा गोठला. कारखाना पुन्हा १९७१ ची गाडी बनवू शकत नाही. आता किंमत पूर्ण मागणीवर, आणि मागणी दोन गोष्टींवर: ती गाडी हवी असणाऱ्यांच्या खिशात पैसा किती, आणि तो पैसा दुसरीकडे ठेवला तर मिळतं काय.

पहिली तेजी आली ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात. १९६४ साली अठरा वर्षांचा असलेला मुलगा १९८६ मध्ये चाळिशीचा होता. घर झालं, बढती झाली, आणि आता त्याला ती गाडी हवी होती, जी तेव्हा बापानं घेऊन दिली नाही. त्याच सुमाराला १९८६ मध्ये तेलाचे भाव कोसळले, विम्याच्या आठवणी पुसट झाल्या. मग १९ ऑक्टोबर १९८७ आला. एका दिवसात अमेरिकेचा डाऊ जोन्स निर्देशांक २२ टक्क्यांहून जास्त पडला. तेव्हा गाड्यांचा बाजार बसायला हवा होता ना? झालं उलटं. शेअरवरचा विश्वास उडालेले लोक हाताला लागेल अशी वस्तू शोधायला लागले. चित्रं, गाड्या, दागिने. जपानमधला फुगलेला पैसाही जगभर असंच काहीबाही विकत घेत होता. जुन्या फेरारींचे भाव आभाळाला टेकले आणि त्यांच्या मागोमाग मसल कारही चढल्या. ज्यांना इंजिनाचं झाकण कुठून उघडतं हे माहीत नाही, असे लोक गाड्या घ्यायला लागले. आणि मग जपानचा बाजार १९९० पासून पडला, अमेरिकेत जुलै १९९० मध्ये मंदी सुरू झाली, आणि सगळे एकदम विकायला निघाले. शेवटी येणाऱ्याचे हात पोळले.

दुसरी तेजी मला जास्त महत्त्वाची वाटते, कारण तिच्यात सामान्य माणूस ओढला गेला. २००१ च्या सुरुवातीला अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचा, फेडरल रिझर्व्हचा, व्याजदर साडेसहा टक्के होता. जून २००३ पर्यंत तो १ टक्क्यावर आणला गेला. याचा गाडीशी काय संबंध? असा, की गॅरेजमध्ये उभी असलेली गाडी भाडं देत नाही, लाभांश देत नाही. ती सांभाळण्याचा खरा खर्च म्हणजे बुडालेलं व्याज. लाख डॉलरची गाडी असेल तर सहा टक्क्यांना वर्षाला सहा हजारांचं व्याज बुडतं, आणि एक टक्क्याला फक्त एक हजाराचं. व्याज उतरलं की हौस स्वस्त होते, आणि हौस स्वस्त झाली की वस्तू महाग होते. त्यात घरांच्या किमती चढत होत्या आणि चढलेल्या घरावर बँका कर्ज द्यायला बसल्याच होत्या. शिवाय ॲरिझोनातल्या स्कॉट्सडेलचा बॅरेट-जॅक्सन लिलाव थेट टीव्हीवर दिसायचा. दिवाणखान्यात बसून माणूस बघायचा, की आपल्या कॉलेजातली गाडी लाखावर गेली. जानेवारी २००६ मध्ये तिथे १९७० ची छत उघडणारी हेमी कुडा २१ लाख ६० हजार डॉलरला गेली. पुढच्या जानेवारीत कॅरल शेल्बीची ‘सुपर स्नेक’ कोब्रा गेली ५५ लाखांना. कोब्राला मसल कार म्हणावं की नाही यावर जाणकार भांडतात. ते भांडण आज बाजूला ठेवू.

कारण ती कोब्रा आपल्याला दुसरंच काही शिकवते. तीच गाडी २०१५ मध्ये त्याच लिलावात पुन्हा आली आणि ५१ लाख १५ हजारांना गेली. आठ वर्षं सांभाळून जवळजवळ चार लाख डॉलरचा तोटा, वर त्या आठ वर्षांची महागाई आणि विमा वेगळा. आणि ही जगात एकमेव म्हणावी अशी गाडी. मग घरावर कर्ज काढून ज्यानं साधारण प्रतीची चार्जर घेतली असेल, त्याचा विचार करा. सप्टेंबर २००८ मध्ये लेहमन ब्रदर्स बुडाली, घरांचे भाव आधीच पडत होते, बँकांनी कर्जं आवळली. विकणारे पुष्कळ आणि घेणारा कुणी नाही. २००६ ला शिखरावर असलेल्या कितीतरी गाड्या निम्म्याच्या आसपास आल्या. गमतीचा भाग असा, की २००८ च्या उन्हाळ्यात पेट्रोलही गॅलनला चार डॉलरच्या वर गेलं होतं. पण वर्षाला दोनशे मैल चालणाऱ्या गाडीला पेट्रोलचं काय? १९७३ मध्ये गाडी वापरायची वस्तू होती, म्हणून तिला तेलानं मारलं. २००८ मध्ये ती ठेव होती, म्हणून तिला पतपुरवठ्यानं मारलं.

त्यानंतरची चढउतार तुमच्या आठवणीतली आहे. डिसेंबर २००८ पासून सात वर्षं व्याजदर शून्याच्या काठावर. बाजार सावरला. २०२० मध्ये महासाथ आली, व्याज पुन्हा शून्याजवळ, सरकारी पैसा हातात, लोक घरात आणि लिलाव संगणकाच्या पडद्यावर. भाव पुन्हा चढले. मग महागाई भडकली, जून २०२२ मध्ये ९.१ टक्क्यांवर गेली, आणि जुलै २०२३ पर्यंत फेडनं व्याज सव्वापाच ते साडेपाच टक्क्यांवर नेलं. बाजाराचा ताप उतरला. फार कोसळला नाही, पण मधल्या प्रतीच्या गाड्यांना गिऱ्हाईक शोधावं लागायला लागलं. नियम तोच.

पण एक गोष्ट व्याजदराच्या हातात नाही. ती म्हणजे वय. १९४६ साली जन्मलेला माणूस आता ऐंशीला टेकला आहे. गुडघे दुखत असताना जड क्लच दाबवत नाही. मुलं म्हणतात, बाबा, एवढ्या गाड्या ठेवायच्या कुठे? आणि आज चाळिशीत असलेल्या अमेरिकन माणसाच्या लहानपणीच्या भिंतीवर जीटीओचं चित्र नव्हतं. तिथे टोयोटा सुप्रा होती, निसान स्कायलाइन होती. त्याच्या खिशातला पैसा तिकडे वळतो आहे. आठवण वारसाहक्कानं मिळत नाही, मंडळी. गाडी मिळते.

आता तो आकडा. शेवटी येतो म्हणालो होतो. १९७१ ची ती अकरातली एक हेमी कुडा जून २०१४ मध्ये सिॲटलच्या लिलावात ३५ लाख डॉलरला विकली गेली. ती बनली होती हॅमट्रॅमक इथल्या ‘डॉज मेन’ कारखान्यात. हॅमट्रॅमक म्हणजे डेट्रॉइटच्या पोटातलं छोटं, कामगारांचं शहर. तो कारखाना १९८० च्या सुरुवातीला बंद पडला. जुलै २०१३ मध्ये डेट्रॉइट शहरानंच दिवाळखोरीचा अर्ज केला. निवृत्त पालिका कर्मचाऱ्यांच्या पेन्शनीला कात्री लागली. त्यानंतर वर्ष उलटायच्या आत तिथे जोडलेली एक गाडी ३५ लाखांना गेली. अनुभवी मोटार कामगाराला आज तासाला चाळीस डॉलर मिळतात असं धरू. ३५ लाखांना ८७,५०० तास लागतात. आठवड्याला चाळीस तासांनी, एक सुट्टी न घेता, एक पैसा न खाता, बेचाळीस वर्षं. त्याच्या आजोबांना रोडरनर पडत होती चार-साडेचार महिन्यांना. कुडा आणि रोडरनर एका पंक्तीत बसवणं पूर्ण न्यायाचं नाही, हे मला मान्य आहे. पण दोन्ही गाड्या पोरांसाठीच बनल्या होत्या.

म्हणून आपल्या म्हणीकडे परत जाऊ. हौसेला मोल नसतं, हे घरातल्या माणसानं म्हणायचं वाक्य आहे, आणि घरात ते खरंही असतं. ती शिक्षिका ज्या गाडीनं शाळेत जायची, तिचं तिला खरंच मोल नव्हतं. ती शाळेत वेळेवर पोचत होती, एवढं पुरे होतं. बाजारात मात्र हौसेला मोल असतं, आणि ते हौशी माणूस ठरवत नाही. ते ठरवतात बँकेचा व्याजदर, घराची किंमत आणि त्याच्या पिढीच्या पदरात पडलेला काळ. तुमच्यापैकी कुणाला जुनी गाडी घ्यायची असेल, अमेरिकेतली असो की इथली, तर जरूर घ्या. स्वतःच्या पैशानं घ्या, चालवण्यासाठी घ्या. घरावर कर्ज काढून, उद्या दुप्पट होईल म्हणून घ्यायला निघालात, तर तिथे हौस संपली आणि जुगार सुरू झाला, एवढं ध्यानात असू द्या.